निवड तुझी, पण यादी कुणाची?

ज्यांची एसटीत रेंज जाते, ज्यांचा इअरफोन एकाच कानात वाजतो किंवा ज्यांना वाचल्याशिवाय गोष्ट नीट डोक्यात शिरत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.

आज सुरुवात वालूरपासून. वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. नाव ऐकल्यावर बऱ्याच जणांना तिथली बारव आठवेल. गोल गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची ती चक्राकार बारव. तिचे फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. पण आज आपण बारवेत उतरणार नाही. आज त्या गावातल्या आणि त्याच्यासारख्या शेकडो गावांतल्या दहावी-बारावीच्या लेकरांविषयी बोलायचंय.

निकाल लागला की या लेकरांना एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. "मग, पुढं काय?" मामा विचारतात, शेजारचे काका विचारतात, किराणा दुकानदारही सुट्टे पैसे देता देता विचारतो. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. "पुढं काय करायचं हे तुला स्वतःला ठरवता येतंय, असं तुला वाटतं का? आणि वाटत असेल, तर किती?"

हे "किती" मोजता येतं का? येतं. त्यासाठी मोजपट्ट्या आहेत. पण त्या तयार व्हायला फार वेळ लागला, आणि त्यांच्याकडे वालूरमधून बघितलं तर वेगळंच काहीतरी दिसतं. म्हणून आज दोन इतिहास सांगतो. एक मोजण्याचा, एक मराठवाड्याचा. शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी येतात.

आधी मोजलं डोकं, मग आवड

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. साल १९०८. फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने तिथे तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं एक कार्यालय उघडलं. बोस्टनच्या ज्या भागात ते होतं, तिथे परदेशातून आलेली गरीब कामगार कुटुंबं राहायची. पोरं जे पहिलं मिळेल त्या कामाला लागायची. पार्सन्सचं म्हणणं साधं होतं. आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि मग दोन्हींचा मेळ डोकं वापरून घाला. त्याच वर्षी पार्सन्स वारला. त्याचं पुस्तक १९०९ मध्ये आलं. आज कुठल्याही करिअर मेळाव्यात जा, सांगितलं जातं ते अजूनही बरंचसं हेच.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. कोण कुठल्या कामाला योग्य, हे कागदावर ठरवता येतं असा विश्वास तिथून पसरला. १९२७ मध्ये एडवर्ड स्ट्राँग या मानसशास्त्रज्ञाने आवड मोजणारी चाचणी आणली. तुम्हाला काय आवडतं ते सांगा, आम्ही सांगतो कुठल्या व्यवसायातल्या लोकांशी तुमची आवड जुळते.

आता गंमत बघा. ही चाचणी सुरुवातीला फक्त पुरुषांसाठी होती. बायकांसाठीचा अर्ज आला १९३३ मध्ये, तोही वेगळा. पुढे तर पुरुषांचा निळा आणि बायकांचा गुलाबी अशा दोन पुस्तिका असायच्या. दोन्ही एकत्र झाल्या १९७४ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं एखाद्या मुलीने अगदी प्रामाणिकपणे आपली आवड सांगितली, तरी ती जुळवून बघायला तिच्यासमोरची यादीच वेगळी होती. आवड तिची आणि यादी दुसऱ्याची. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडेही हे वारं आलं. मुंबईत स्वातंत्र्याच्या आसपास व्यवसाय मार्गदर्शनाची कामं सुरू झाली, आणि मुंबई राज्याच्या सरकारनेही त्यासाठी यंत्रणा उभी केली. पण एक गोष्ट विसरू नका. तेव्हा परभणी मुंबई राज्यात नव्हतीच! परभणी होती हैदराबाद राज्यात. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. मुंबईतला मुलगा चाचणीच्या टेबलावर बसत होता, तेव्हा वालूरचा मुलगा वेगळ्याच राज्यात, वेगळ्याच प्रश्नांत अडकलेला होता.

कल चाचणी आठवते का?

तुमच्यापैकी जे आता विशी-पंचविशीत आहेत, त्यांना ही नक्की आठवेल. २०१६ मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनसोबत दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली. पुढे ती मोबाईल ॲपवरही घेतली गेली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. तुमचा कल यातल्या कशाकडे आहे, ते अहवालात यायचं. राज्यातल्या एवढ्या लेकरांना एकाच वेळी "तुला काय आवडतं?" असं विचारलं जाणं, ही छोटी गोष्ट नव्हे. गावच्या शाळेतल्या कित्येकांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला असेल.

पण कल म्हणजे मोकळीक नव्हे. अहवालात "ललित कला" आलं, म्हणून घरचे चित्रकलेच्या कॉलेजला पाठवतील असं थोडंच आहे? तुझा ओढा कुठे आहे, एवढंच कल सांगतो. त्या दिशेने पाऊल टाकायची मुभा आहे की नाही, हा प्रश्न त्यात नसतोच. पार्सन्सपासून कल चाचणीपर्यंत शंभर वर्षांत आपण लेकराचं डोकं मोजलं, आवड मोजली. वाट मोकळी आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दोन रकान्यांची मोजपट्टी

हा राहून गेलेला प्रश्न काही जणांनी उचलला. १९६८ मध्ये रिचर्ड डीचार्म्स या मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या दोन अवस्था सांगितल्या. कधी माणसाला वाटतं की आपल्या वागण्याचा कर्ता आपण आहोत. कधी वाटतं की आपण बुद्धिबळातलं प्यादं आहोत, हलवणारा हात दुसऱ्याचा आहे. नंतर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावर मोठं काम उभं केलं. त्यांचं म्हणणं, आपल्या मर्जीने वागतोय ही भावना माणसाची मूलभूत गरज आहे. ती मिळाली नाही तर मन कामात रमत नाही.

मग २०१२ मध्ये रायन डफी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खास विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. अडथळे असूनही आपल्याला करिअर निवडता येईल असं विद्यार्थ्याला किती वाटतं, ते ती मोजते. पद्धत सोपी आहे. एकेक विधान वाचायचं आणि ते आपल्याला किती लागू पडतं, त्याला १ ते ७ मध्ये आकडा द्यायचा. विधानं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात मोकळीक, म्हणजे मला हवं ते काम मी निवडू शकेन हा विश्वास. दुसऱ्या प्रकारात अडथळे, म्हणजे पैसा, घरची परिस्थिती, भेदभाव, अशा माझ्या हातात नसलेल्या गोष्टी.

यातली मोठी गोष्ट म्हणजे तो दुसरा रकाना. जुन्या चाचण्या लेकराच्या आत डोकावत होत्या. ही चाचणी म्हणते, आत बघा, पण त्याच्या आजूबाजूलाही बघा. हीच माणसं पुढे असंही सांगू लागली की करिअरचे बरेचसे सिद्धांत निवड करायची सोय असलेल्या लोकांना समोर ठेवून लिहिले गेलेत, आणि जगातल्या बहुतेकांना ती सोय नसते.

मात्र ही प्रश्नावली अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर घडवलेली आहे. तिला तालुक्याची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते माहीत नाही. यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला, ते माहीत नाही. "पोरीला एवढ्या लांब कशाला?" हे वाक्य तिने ऐकलेलं नाही. वालूरमध्ये दुसरा रकाना भरायचा, तर तो वालूरच्या अडथळ्यांनीच भरावा लागेल. आणि त्या अडथळ्यांना इतिहास आहे.

अडथळ्यांचा रकाना, मराठवाड्याचा

चला आता १९३८ मध्ये. निजामाचं राज्य. वरच्या शिक्षणाचं मोठं ठिकाण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, १९१८ साली स्थापन झालेलं. माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून विद्यापीठाचं शिक्षण देणं हा त्या काळात धाडसी प्रयोग होता, यात शंका नाही. पण परभणीकडच्या मराठी घरातल्या पोराला आधी ती भाषा पार करावी लागायची, मग विषय.

त्या वर्षी विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. बंदी आली, आंदोलन पेटलं. ते औरंगाबादच्या कॉलेजातही पोचलं. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. विचार करा, अख्ख्या संस्थानात जवळपास एकच दार, आणि तेही बंद. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या पोरांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. कुठल्या चाचणीने त्यांचा मोकळेपणाचा आकडा वाढवला नाही. एका माणसाने दुसरं दार उघडलं, म्हणून तो वाढला.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आलं. प्रत्येक सालाबरोबर रकान्यातली एक ओळ खोडली गेली. "कॉलेज लांब आहे" ही ओळ पुसली नाही, पण जरा जवळ आली.

तरी शिकून पुढे काय, हा प्रश्न होताच. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन झालं. रस्त्यावर सगळ्यात पुढे विद्यार्थी होते. नोकऱ्या, रेल्वे, पाणी, उद्योग अशा मागण्या होत्या. वसमतला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात विद्यार्थी मारले गेले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, हिंगोली जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. ज्या वर्षी अमेरिकेत निळ्या-गुलाबी पुस्तिका एक झाल्या, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात पोरं "आमच्यासाठी काम कुठंय?" असं विचारताना मेली. मोकळीक हा नुसता मनाचा मामला नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि हा रकाना गावातल्या सगळ्यांचा सारखाही नसतो. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात गावोगावी दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एकाच गावात, एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन लेकरांपैकी एकाच्या रकान्यात फक्त "पैसा" असतो, आणि दुसऱ्याच्या रकान्यात "पैसा" आणि "आडनाव" दोन्ही.

आता अगदी अलीकडचं. वैद्यकीय प्रवेशात राज्यात ७०:३० अशी पद्धत होती. म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्यांना. वरवर बघता न्याय्य वाटतं. पण मराठवाड्यात कॉलेजं कमी, जागा कमी, आणि परीक्षा देणारी पोरं खूप. त्यामुळे चांगले मार्क पडूनही इथल्या लेकरांची संधी हुकायची, अशी तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही पद्धत रद्द केली. २०२३ मध्ये परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०२४ मध्ये आणखी एक निर्णय झाला. ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास वर्गातल्या आहेत, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. खोलीभाडं आणि मेस मात्र अजून आहेच, हे वेगळं सांगायला नको.

यातला एकही बदल कुणा लेकराने "मनाची ताकद" वाढवून झालेला नाही. नियम बदलले, कॉलेजं उभी राहिली, लोक भांडले. हे नीट ध्यानात घ्या, कारण मोबाईल उघडला की दर तिसऱ्या व्हिडिओत कुणीतरी सांगत असतं की सगळं तुझ्या माइंडसेटवर आहे.

कोल्हा आणि आंबट द्राक्षं

आता या मोजपट्टीतली खरी मेख सांगतो.

समजा वालूरच्या एका मुलाला विचारलं, "तुला हवं ते निवडता येईल असं वाटतं का?" तो हसून म्हणाला, "हो की! एकदम सात पैकी सात." छान. मग विचारलं, "काय काय निवडता येईल?" तो म्हणतो, "डॉक्टर, इंजिनियर, पोलीस भरती, एमपीएससी. नाहीतर वावर आहेच."

त्याचा आकडा सातच्या सात. पण यादी पाच ओळींची. त्याला अडथळा जाणवत नाही, कारण तो भिंतीपर्यंत कधी गेलाच नाही.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तत्त्वज्ञ यॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. जे मिळणार नाही ते माणूस मनातूनच काढून टाकतो, आणि मग म्हणतो, मला ते नकोच होतं. अमर्त्य सेन हेच वेगळ्या अंगाने सांगतात. ज्यांना कायम कमी मिळालंय, ते आपल्या इच्छाच छोट्या करून घेतात. म्हणून "तू समाधानी आहेस का?" एवढ्या एका प्रश्नावर विसंबून चालत नाही. सेन विचारतात, माणसाला खरोखर काय काय करता येण्याजोगं होतं?

याच्या उलटही होतं बरं. एखादी मुलगी पहिल्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाते, तिला कळतं की हवामानशास्त्र नावाचा विषय असतो, ध्वनिमुद्रण शिकता येतं, पुरातत्त्व असतं, आपल्या गावच्या बारवेसारख्या वास्तू जपणं हेही कुणाचं तरी काम असतं. यादी वाढते. आणि तिचा मोकळिकीचा आकडा खाली येतो! कारण आता भिंत दिसू लागली. शाळेने हा आकडा बघून "पोरगी खचली" असं ठरवलं, तर चूक होईल. ती खचलेली नाही, तिला आता दिसायला लागलंय.

तर मग मोजायचं कसं?

मोजूच नये, असं मी म्हणत नाहीये. उलट मोजायलाच हवं. पण दोन नव्हे, तीन रकाने ठेवा. कुठल्या चाचणीतून उचललेले नाहीत, आजच्या या गप्पांमधून निघालेत. फोनवरच्या नोट्समध्ये करता येतील.

पहिला रकाना, मोकळीक. १ ते ७ आकडा द्या. "माझ्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय शेवटी मीच घेणार आहे." "मी माझं मत घरी बोलून दाखवू शकतो किंवा शकते." "निवड चुकली तर बदलायची मुभा मला आहे." हे तिसरं विधान महत्त्वाचं आहे. ज्याला एकदाच संधी आहे आणि ज्याला दोनदा आहे, त्यांची मोकळीक सारखी नसते.

दुसरा रकाना, अडथळे. इथे मोघम लिहू नका. "परिस्थिती" असं लिहू नका. किती पैसे कमी पडतात ते लिहा. कॉलेजला जायला कुठली गाडी, किती वाजता, ते लिहा. कुणाची परवानगी लागते, ते लिहा. मग प्रत्येकापुढे एक खूण करा. हा मला एकट्याला हलवता येईल का, घरच्यांनी मिळून हलवता येईल का, की गावाने किंवा सरकारनेच हलवायचा आहे? तिसऱ्या प्रकारच्या अडथळ्यासाठी स्वतःला दोष देणं आजपासून बंद.

तिसरा रकाना, यादी. तुमच्या डोक्यात असलेले सगळे पर्याय लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, हा मला कुणाकडून कळला. सगळ्यांपुढे एकाच काकांचं किंवा एकाच क्लासच्या बोर्डाचं नाव येत असेल, तर यादी तुमची नाही. ती तुमच्याकडे ठेवायला दिलीय.

आणि शिक्षक ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. हा कागद नाव न लिहिता भरून घ्या, आणि भरताना बाकाशेजारी उभे राहू नका. वडिलांसमोर किंवा सरांसमोर भरलेली मोकळीक नेहमीच जास्त दिसते. पूर्ण वर्गाचे दुसरे रकाने एकत्र ठेवून बघा. चाळीसपैकी पंचवीस पोरींनी "गाडी नाही" लिहिलं असेल, तर तो समुपदेशनाचा विषय नाही. तो एसटी आगाराला द्यायच्या अर्जाचा विषय आहे. त्या अर्जाला जोडायला तुमच्याकडे आकडा असेल. मोजण्याचा खरा उपयोग तिथे आहे.

१९३८ च्या पोरांकडे प्रश्नावली नव्हती. १९७४ च्या पोरांकडेही नव्हती. पण आपली वाट कशाने अडलीय, हे त्यांना नेमकं सांगता येत होतं, आणि ते मोठ्याने सांगायची तयारी होती. आज आपल्या हातात मोजपट्टी आहे. तिच्यावरचा आकडा बघून लेकराला "अजून आत्मविश्वास वाढव" एवढंच सांगायचं, की त्याच्या वाटेतला धोंडा उचलायला चार हात लावायचे, हे मोठ्यांनी ठरवायचंय.

तर दोस्तहो, तिसरा रकाना आज रात्री नक्की भरा. त्यात अशी एक तरी ओळ लिहा, जी तुम्हाला कुणीही सुचवलेली नाही, तुमची तुम्ही शोधलीय. भरून झालं की एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा, आणि त्यांचीही यादी मागा. दोन याद्या एकत्र केल्या की दोघांच्याही वाढतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कुणी "पुढं काय?" विचारलं तर घाबरू नका. उलट विचारा, "काय काय आहे, सांगता का?"